चिंचगुड्यातला पाव्हणा

१९ जून २००१, नेरडीगोंडा

फॉर्म भरून आलो. जिल्हा परिषद, अपक्ष. सही दोनदा चुकली, तेव्हा समोरचा कारकून म्हणाला, "सर, पाणी देऊ?" वीस वर्षं हैदराबादेत टीव्हीच्या नोकरीत मंत्र्यांना खुर्चीत बसवून "साहेब, घाबरू नका, कॅमेऱ्याकडं बघा" म्हणणारा मी. आज कॅमेरा नव्हता तरी माझी ततपप.

बाहेर आलो तर बसस्टँडच्या भिंतीवर लाल अक्षरांचा तेलुगू कागद. जंगलातल्या बंदूकवाल्यांचा. इथं कोणी त्यांचं दुसरं नाव घेत नाही, 'अन्नलु' म्हणतात, म्हणजे दादालोक. मजकूर सरळ होता: निवडणुकीवर बहिष्कार, उभा राहील तो आपल्या जिवाचा आपण जबाबदार. मी वाचत उभा, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. मी ओरडलोच. चार लोक वळून पाहायला लागले.

हात देवाजीचा होता. देवाजी माझा शाळेतला सोबती, उटनूरच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला आणि आता माझ्या प्रचाराचा कारभारी. म्हणाला, "अमृतराव, भेता काऊन? तुमी असे कोन मोठे लागून गेले का अन्नलु तुमच्यासाठी गोळी खर्च करतील?" हसलो. पण घरी येईपर्यंत तीनदा मागं वळून पाह्यलं.

दमयंती म्हणते, "अजी, हैदराबादेत नातवंडांजवळ बरं चाललं होतं. हे खूळ कुठून आणलं?" तिला सांगितलं, गावासाठी काही करायचं आहे. वडील इथले माली पटेल होते, म्हणजे सारा गोळा करणारे, लोकांना घराणं माहीत आहे. खरं कारण इथं लिहायला हरकत नाही, ही वही ती उघडत नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांची तोंडं दाखवली. माझं एकदाही दिसलं नाही. रिटायर झालो आणि फोन वाजायचा बंद झाला. वाटलं, गावाकडं तरी कोणी विचारील. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

२२ जून

मंडळातली, म्हणजे आमच्या या लहानशा तालुक्यातली, अर्धी गावं जंगलात. देवाजी म्हणतो, सभा घ्याव्या लागतील. मी म्हणालो, घेऊ की. आज फाटकाशी मोटरसायकल थांबली तर मी न्हाणीत जाऊन उभा राह्यलो. दूधवाला होता. त्यानं गाडी नवी घेतली, हे मला कोण सांगणार?

पण भीतीनंच एक बुद्धी दिली. केबल! इथल्या केबलवाल्या उद्धवची केबल हायवेपासून आत पुष्कळ गावांत गेली आहे. घरी टीव्ही नसेल तो चहाच्या हॉटेलात बसून पाहतो. मी एखाद्या गावात जाईन, उद्धव कॅमेऱ्यात घेईल आणि मी न जाता सगळ्या गावांत दिसेन. पुन्हा पुन्हा दिसेन.

नोकरीत असताना एकदा विलायतेला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथं एक गोरा साहेब शिकवायचा, टीव्हीतला मोठा अधिकारी. तो म्हणायचा, बोलणाऱ्याचं तोंड दाखवून कोणी ऐकत नाही, ऐकणाऱ्याचं तोंड दाखवा. एक हसणारा चेहरा सापडला की निम्मा कार्यक्रम झाला. पुढं तो नोकरी सोडून निवडणुकीला उभा राह्यला आणि त्यांच्या पार्लमेंटात निवडून गेला म्हणे. मला वाटतं, हा किडा तेव्हाच माझ्या डोक्यात शिरला.

२४ जून

आज जंगलातल्या चिंचगुड्याला जाऊन आलो. धडधाकट परत आलो, हे आधी लिहितो.

भिवाजी वारला, त्याचं पुण्यानुमोदन होतं, म्हणजे बौद्ध रीतीचं दिवसकार्य. भिवाजी आमच्या वडिलांचा सालदार. मला लहानपणी खांद्यावर बसवून ओढा पार करायचा. देवाजी वाटेत म्हणाला, "दुखाचं घर हाये. भिवाजीबद्दल दोन शब्द बोला, मताचं नाव काढू नका. अन तो क्यामेरा जीपमदीच राहू द्या." मी बरं म्हणालो. पण उतरल्यावर बघतो तर पूर्ण गाव आयतं बसलेलं! असं ऐकणारं गाव पुन्हा कधी मिळणार? उद्धवला हळूच म्हणालो, मागच्या बाजूनं ऐकणाऱ्यांची तोंडं घे, माझं नको.

बुद्धवंदना झाली. मी उठलो आणि जीपची गोष्ट सांगितली. तहसीलदाराची जीप ओढ्यात फसली होती. त्यानं भिवाजीला दरडावलं, बैल सोड आणि जीप ओढ. भिवाजी हात जोडून म्हणाला, "हुजूर, बैल पटेलाचे हायेत. दरखास्त लिहून द्या, मंजूर झाली का ओढतो." लोक डोळे पुसता पुसता हसले. आणि मागच्या दाराजवळ बसलेला एक जण असा हसला, असा हसला की मी बोलायचा थांबलो. काळासावळा, तिशीच्या आतला. हसला तेव्हा थेट भिवाजीच. नात्यातला असेल.

मी भिवाजीच्या बायकोला, रुक्माबाईला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, "पाव्हणा हाये." नाव कोणी सांगितलं नाही. जेवणाच्या पंगतीत रुक्माबाई सगळ्यांच्या आधी त्यालाच वाढून राह्यली होती, त्याच्या ताटावरून तिची नजर हलत नव्हती. पाव्हण्याचा एवढा मान आता शहरात कोण ठेवतो? दुसरा भात घ्यायच्या आत तो उठून मागच्या दारानं गेलासुद्धा. बाकीच्यांच्या वहाणा पुढं अंगणात होत्या, याचे कॅनव्हासचे बूट मागच्या उंबऱ्याशी. घाईतला माणूस दिसला.

परतताना जंगलाच्या रस्त्यात मी डोळे मिटून बसलो. देवाजी पूर्ण वाट मागं वळून पाहत होता.

२६ जून

दोन दिवस उद्धवच्या खोलीत बसून कॅसेट जोडली. काय चेहरा आहे त्या पाव्हण्याचा! वीस वर्षांत असा ऐकणारा मिळाला नाही. भिवाजीची गोष्ट मी काढून टाकली, ती फार लांबते. त्याऐवजी खोलीतच कॅमेऱ्यासमोर सांगितलेला माझा सडकेचा विनोद घेतला: "सडक मंजूर झाली, कागदावर आली, कागद आदिलाबादला गेला. आता ज्याला सडक पाह्यची असेल त्यानं आदिलाबादला जावं!" आणि त्याच्यापाठी पाव्हण्याचं हसू चिकटवलं. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, शेवटी तर तोंड जवळ घेऊन, हळू करून. हे लबाडीचं आहे का? सगळेच करतात.

सकाळ-दुपार-संध्याकाळ लावायला सांगितलं. हॉटेलात लोक त्याच्यासोबत हसतात, उद्धव सांगत होता. आज दिवसभर भीती वाटली नाही.

२७ जून

देवाजीशी भांडण झालं. आला तोच म्हणाला, "त्या मागच्या दारच्या पोराचं तोंड काढून टाका. बाकी ठेवा."

"काऊन?"

"काऊन म्हणून इचारू नका. काढा म्हनतो ना."

मी म्हणालो, कारण सांग, काढतो. तो कारण काही सांगेना. मला राग आला. मग ध्यानात आलं, कॅसेटमध्ये देवाजी कुठंच नाही! मी म्हणालो, "तुझं तोंड दिसलं नाही म्हणून हे सगळं चाललं का?" तो उठला. म्हणाला, "अमृतराव, तुमाले काही सांगाची सोय नाही. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि चहा तसाच ठेवून गेला.

हेडक्लार्की डोक्यात जाते ती अशी.

२९ जून

सकाळी रुक्माबाई आली. चिंचगुड्याहून एवढ्या दूर, बसनं. आत ये म्हटलं तर येईना, दाराशीच टेकली. मला वाटलं, घरकुलाचं किंवा पेन्शनचं काम असेल. तर म्हणते, "साहेब, त्या टीव्हीतून माया पाव्हण्याले काढा. त्याचं तोंड तरी झाका."

मी समजावलं. म्हणालो, बाई, टीव्हीत दिसल्यानं कोणाचं आयुष्य कमी होत नाही, या जुन्या समजुती आहेत. उलट तुझ्या पाव्हण्याला आता सगळा मुलूख ओळखतो. हे ऐकलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मी अजून सांगत होतो. दमयंतीनं मला डोळ्यानं गप्प केलं आणि तिच्यासाठी भाकर आणली. खाल्ली नाही.

ती गेल्यावर दमयंती म्हणाली, "ती भ्याली होती अवो. तुम्हाला दिसत कसं नाही?" मी म्हणालो, कॅमेऱ्याला सगळेच भितात, मंत्रीसुद्धा. तिनं कपाळाला हात लावला. "काढून टाकलं तर काय बिघडते तुमचं?" बिघडते. त्या हसण्याशिवाय माझा विनोद पडतो, मी लावून पाह्यलं आहे.

३० जून

आज अन्नलुंनी मला गाठलं.

घाटाखाली जीप थांबली होती, ड्रायव्हर टायर बघत होता. झाडीतून एक सडपातळ पोरगा आला, खांद्यावर पंचा. अगदी अदबीनं म्हणाला, "सर, ती क्यासेट बंद करा. तुमचं भलं होईल." एवढंच. मारलं नाही, शिवी नाही. निवडणुकीतून माघार घ्या असंसुद्धा म्हणाला नाही. मी नुसती मुंडी हलवत राह्यलो. तो गेला तरी हलवतच होतो.

म्हणजे माझा प्रचार त्यांना झोंबला. बहिष्कारवाल्यांना माझी कॅसेट बंद पाह्यजे! पण एक सांगतो, भीतीसोबत कुठं तरी बरंही वाटलं. देवाजी म्हणत होता ना, मी कोण मोठा लागून गेलो!

दुपारीच ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. कॅसेट बंद करा म्हणाला, हेही. साहेबांनी दोनदा विचारलं, कोणती कॅसेट? संध्याकाळपर्यंत मला एक गनमॅन मिळाला. ओट्यावर बसला आहे. मालिका पाहतो, आणि मध्ये माझी कॅसेट लागली की उठून टीव्हीच्या जवळ जातो.

२ जुलै

आज किती दिवसांनी जिवाला गोड वाटलं. आदिलाबादहून एक गृहस्थ खास भेटायला आले. नाव सांगितलं पण विसरलो. केस बारीक कापलेले, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं फार सभ्य, हिंदीत. म्हणाले, आपका प्रोग्राम देखा, क्या बात है. हैदराबादच्या माणसाचं काम असं लगेच कळतं म्हणाले. मी दमयंतीला दोनदा चहा करायला लावला.

त्यांना कामाची जाण होती. कोणत्या कॅमेऱ्यानं घेतलं, कोणत्या तारखेला, कोणतं गाव, सगळं विचारलं. हसणाऱ्या चेहऱ्यावर तर ते फिदाच. तिथं थांबवा म्हणाले, थांबवलं. पुन्हा मागं घ्या म्हणाले, घेतलं. हा कोण कलाकार? मी म्हणालो, अहो कलाकार कसला, चिंचगुड्याच्या रुक्माबाईचा पाव्हणा, तिच्या मेलेल्या नवऱ्यावर गेला आहे, एकच तोंड. ते म्हणाले, अच्छा? मी म्हणालो, थांबा, तुम्हाला अख्खी देतो, न कापलेली. त्यात तो मागच्या दारानं जातानाही दिसतो. दिली.

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. गनमॅन त्यांना पाहून ताडकन उभा राह्यला. रुबाबच तसा होता.

५ जुलै

दमयंती भाजी निवडत होती. मध्येच म्हणाली, "त्या आदिलाबादवाल्यांनी तुम्हाला एकदाही काही विचारलं नाही."

"सगळं तर विचारलं."

"तुमच्याबद्दल नाही. त्या पोराबद्दल विचारलं." मग हळू आवाजात, "आणि गनमॅननं त्यांना सलाम केला. मी खिडकीतून पाह्यला."

मी तिच्यावर खेकसलो. मग खुर्चीत बसलो. रुक्माबाई, देवाजी, झाडीतला तो पोरगा, सगळे एकच गोष्ट सांगत होते आणि मी तिघांना तीन कारणं चिकटवली. माझी कला तीच, नाही का? इकडचं तोंड तिकडच्या वाक्याला.

उद्धवला फोन करून कॅसेट बंद करवली. आता चिंचगुड्याला निरोप पोचवायला हवा, पाव्हणा असेल तर निघून जा, म्हणून. गावात फोन नाही. देवाजी घरी नाही, पोरीकडं गेला, आज येणार का उद्या कोणाला माहीत नाही. म्हणजे मलाच गेलं पाह्यजे. पण मी निघालो की गनमॅन सोबत येणार, त्याला तोच हुकूम आहे. पोलीस सोबत घेऊन त्या घरी कसा जाऊ? आणि गनमॅनला चुकवून एकटा गेलो तर तो जंगलाचा रस्ता.

दुपारी भाजी आणतो म्हणून पिशवी घेऊन मागच्या गल्लीनं बसस्टँडवर गेलो. बस आली. एक पाय पायरीवर ठेवला. आत खांद्यावर पंचा टाकलेला कोणी तरी बसला होता. तोच होता का, देव जाणे. मी पाय काढून घेतला. कंडक्टर म्हणाला, "चढता का नाही, सर?" मी म्हणालो, नाही, चौकशीला आलो होतो.

उद्या सकाळी नक्की जाईन. दमयंतीला घेऊन जाईन.

७ जुलै

काल गेलो नाही. पोट बिघडलं होतं. खरंच बिघडलं होतं.

आज सकाळी रेडिओवर सांगितलं: चिंचगुड्याजवळच्या जंगलात चकमक, एक ठार. नाव चंपत, वडिलांचं नाव भिवाजी.

देवाजी आला. बसला नाही. मीच म्हणालो, "तू मला सांगायला पाह्यजे होतं."

"सांगून?" तो म्हणाला. "चार वर्षांनी जंगलातून आला होता पोरगा, बापाच्या पुण्यानुमोदनाले. मायनं पाय धरले म्हनून थांबला अजून काही दिवस. मी सांगतलं असतं, तर तुमी कोनाले सांगतलं नसतं का, अमृतराव? खरं सांगा."

सांगितलं असतं मी. दमयंतीला, उद्धवला, आणि त्या इस्त्रीवाल्याला तर नक्कीच.

"त्याले हसू कशाचं आलं होतं, आठवते ना?" देवाजी म्हणाला. "बापाचं. तुमी सडकेवर लावलं."

तो प्रचार सोडतो म्हणाला. मी अडवलं नाही.

९ जुलै

मेलो. बाजारात भर गर्दीत ते आदिलाबादचे गृहस्थ जीपमधून उतरले, आज वर्दीत होते. लोकांसमोर माझा हात धरून हलवला. "आप जैसे लोग आगे आएंगे तो काम आसान होगा." मी हात सोडवायला बघत होतो, ते सोडत नव्हते. भाजीवाली, पानवाला, हॉटेलातले, सगळे पाहत होते. मग एकेक जण खाली पाहायला लागला.

आता अन्नलु खरोखर येतील. आतापर्यंत मी उगाच भीत होतो, आता भ्यायला कारण आहे. दमयंतीला म्हणालो, आजच हैदराबाद गाठू. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी चिंचगुड्याला जाते." आणि गेली! एकटी, बसनं, त्याच रस्त्यानं. मी ओट्यावर बसून होतो, गनमॅनच्या बाजूला.

संध्याकाळी आली. पाय धुतले. कोणी काही म्हणालं का, विचारलं. म्हणाली, "काही म्हणाले नाहीत. मला खुर्ची दिली. बाया सगळ्या उभ्या राह्यल्या. बसा म्हटलं तरी कोणी बसेना. लेकरांना आत नेऊन दार लावून घेतलं."

"रुक्माबाई?"

"तिनं मला चहा दिला, अवो. तिनं विचारलं, साहेब रागावले तर नाही ना, मी त्या दिवशी घरी आली म्हणून."

एवढं सांगून दमयंती रडायला लागली. मला रडू आलं नाही.

१४ जुलै

मतदान झालं. माघारीची तारीख केव्हाच गेलेली, मी फक्त घरात बसून होतो. बहिष्कारामुळं आतल्या गावांत शुकशुकाट. उद्धव सांगत आला की चिंचगुड्यात मात्र उजाडताच रांग. म्हातारे, आजारी, सगळे. जंगलातल्यांनी नको म्हटलेलं असताना. तो खुशीत होता. म्हणाला, "सर, पूरा गाव आपल्याकडं."

मी विचारलं, कशावरून?

"बोटाची शाई दाखवून राह्यले होते मला. कॅमेरा नसताना. म्हणे, साहेबांना सांगा, आम्ही दिलं."

मी उठून आत गेलो आणि दार लावून घेतलं.

२२ जुलै

निवडून आलो. थोड्या मतांनी, आणि ती चिंचगुड्याची आहेत. त्या पेटीत दुसऱ्या कोणाला एकही मत नाही.

शाळेच्या मैदानावर गुलाल, डफडं, गोंधळ. मला खुर्चीवर उभं केलं. मी नजर फिरवून पंचा शोधत होतो, प्रत्येक खांद्यावर पंचा होता. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. चिंचगुड्याहून ट्रॅक्टर भरून लोक आले होते, हार घेऊन. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आलो नाही तर काय होईल, या भीतीनं आले होते. पुढं रुक्माबाईला केलं होतं.

मी खुर्चीवरून उतरलो. म्हणावंसं वाटलं की तू कशाला आलीस, बाई, मला जोड्यानं मार. तोंडातून निघालं, "या, या." लोक ओरडून राह्यले होते, हार नीट धरा, इकडं पाहा. तिनं हार वर केला. हार गळ्यात पडला तशी ती जवळ झाली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "साहेब, मत आमी समद्यांनी दिलं. धाकटा हाये माया घरी. त्याले नका घेऊ टीव्हीत."

मी म्हणालो, "नाही घेणार, रुक्माबाई. शपथ."

तिनं हात जोडले. माझ्यावर तिचा काडीचा विश्वास बसला नाही, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि उद्धव कॅमेरा हातभर अंतरावर आणून तेच तोंड घेऊन राह्यला होता.